वाचले, मान्य नाही

एस्तेरबाई गेल्याचे कार्ड मला काष्टीत बाजाराच्या दिवशी मिळाले. शाळा सकाळची होती, मुले बाजारातले बैल बघायला पळाली होती, आणि मी दप्तर आवरून कुलूप लावत असताना पोस्टमनने ते हातात ठेवले. चारच ओळी होत्या. बाई मंगळवारी सकाळी गेल्या, त्रास झाला नाही, शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, तुम्ही या. खाली सही राजव्वाची. अक्षर ठसठशीत, ओळी सरळ. मी कार्ड वाचले, आणि मग का कोण जाणे, उलटे धरून पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. जमले नाही. आठ वर्षांपूर्वीही जमले नव्हते… ते का, हेच पुढे सांगायचे आहे.

नगरला शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तीन वक्ते बोलले. एकाने सांगितले, बाई फार शांत होत्या. दुसऱ्याने सांगितले, शिस्तप्रिय होत्या. तिसऱ्याने तर कमालच केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी वरिष्ठांच्या आज्ञेबाहेर एक पाऊल टाकले नाही, असे तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या बाकावर बसलो होतो. माझे पित्त खवळले. माणूस मेला म्हणून त्याला अशी इस्त्री करून ठेवायची? बाई शांत नव्हत्या. शिस्त त्यांना होती, पण ती त्यांची स्वतःची. आणि आज्ञेबाहेरचे म्हणाल, तर त्या चांगल्या गल्लीभर चालत गेल्या, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. हे सगळे मला तिथेच उठून सांगता आले असते. पण उठायच्या वेळी न उठणे ही माझी जुनी खोड आहे. म्हणून आता घरी बसून लिहितो आहे, आणि कुणाला आवडो न आवडो, आहे तसे लिहिणार आहे.

लढाई सुरू झाली त्या सुमारास मी नगरच्या त्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून लागलो. ट्रेनिंग कॉलेजातून ताजा ताजा बाहेर पडलेला, काष्टीच्या शेतकऱ्याचा मुलगा. घराण्यात मीच पहिला ट्रेन्ड मास्तर, त्यामुळे कोटाची वरची गुंडीसुद्धा मी उन्हाळ्यात सोडत नसे. एस्तेरबाई तेव्हा पन्नाशीच्या. बेलापूरकडच्या ख्रिस्ती शाळामास्तरांची मुलगी, फायनल पास, पण ट्रेनिंग झालेले नाही. वडिलांच्या हाताखाली खेड्यांतून शिकवत शिकवत त्या नगरला आल्या होत्या. उंच, हाडापेराने मोठ्या, पांढरे पातळ, डोक्यावर घट्ट पदर. एरवी बोलणे आपल्या पुस्तकी मास्तरांसारखेच शुद्ध, पण रागावल्या की बेलापूरची बोली बाहेर यायची. ती बाहेर आली की हेडमास्तरसुद्धा काहीतरी काम काढून ऑफिसात जात.

आमच्या शाळेत निम्मी मुले मागवाल्यांची होती. त्यांच्या आजापणजांनी तेलंगणातून येऊन नगरात माग घातले, त्यामुळे घरात तेलुगू आणि शाळेत मराठी. उरलेल्यांत कुणी मुसलमानांच्या घरचे, कुणी दुष्काळात पाथर्डीकडून आलेले, कुणी आमच्यासारखे कुणब्यांचे. मला याचे काही वाटत नसे. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, हातात छडी, वर्गाला एक पुस्तक आणि सर्वांचे एकच पान. ज्याला येईल तो वर जाईल, ज्याला येणार नाही तो बसेल. मला कॉलेजात असेच शिकवले होते आणि मला ते अगदी न्यायाचे वाटत होते.

बाईंचे तसे नव्हते. त्यांच्याजवळ हाताने शिवलेली एक वही होती आणि तिच्यात प्रत्येक मुलाला एक पान. त्यात मार्क नसत. मूल घरी कुठे बसते, उजेड कुठून येतो, हाताला काम काय असते, आईशी कोणत्या भाषेत भांडते, असले काहीतरी लिहिलेले असे. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, म्हणून त्या मागवाल्यांकडून सुताच्या गठ्ठ्यांवरचा जाड कागद मागून आणत, त्याच्या पट्ट्या कापत आणि प्रत्येक मुलाचा वेगळा धडा त्यावर बोरूने लिहीत. एका पट्टीवर 'सूत' आणि त्याच्या शेजारी 'दारम', हाच शब्द तेलुगूत. मराठीच्या तासाला तेलुगू शब्द बघून मी त्यांना म्हणालो की, बाई, हे नियमात बसत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. पट्टी वाळायला ठेवत एवढेच म्हणाल्या, की मूल घरून येताना रिकामे येत नाही, ते जे घेऊन येते ते आपण दारात काढून ठेवायला लावतो आणि वर विचारतो की तुला काहीच कसे येत नाही. मला तेव्हा हे बायकी बोलणे वाटले.

आमचा खरा खटका उडाला पाजणीवरून. पाजणी म्हणजे मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावायची. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या आधाराने सूत ताणतात, आणि उन्हे चढायच्या आत घरातली सगळी माणसे दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन खाली-वर फिरतात. लहान मुले तुटलेले धागे सांधत चालतात. त्या दिवशी माझ्या वर्गात दहा-बारा डोकी कमी असायची. मी हजेरीत फुल्या मारून मोकळा होई. एक दिवस बाईंच्या वर्गात तर एकही मूल नव्हते, आणि बाईही नव्हत्या. हेडमास्तरांनी मला शोधायला पाठवले. बघतो तर बाई गल्लीत, ताण्याच्या कडेने मुलांबरोबर चालताहेत. ताण्याच्या खाली, मधोमध, जमिनीवर त्यांनी पट्ट्या ओळीने मांडून दगड ठेवले होते, आणि मुले धागा सांधत एकेक पट्टी मोठ्याने वाचत पुढे सरकत होती. वरून खळीचे थेंब पडत होते. बाई म्हणाल्या, बरे झाले, वाळल्यावर पुठ्ठ्यासारख्या ताठ होतील. मी हजेरीचे विचारले. त्यांनी हजेरीपट बरोबरच आणला होता. सगळी मुले हजर.

तिथेच मी राजव्वाला वाचताना पहिल्यांदा ऐकले. राजव्वा माझ्या वर्गातली, नऊ-एक वर्षांची, मल्लय्या मागवाल्याची मुलगी. हजेरीपटात तिच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने 'मंद' लिहिले होते. पुस्तक समोर ठेवले की ती आधी ते फिरवायची, मी ते पुन्हा सरळ करायचो, ती पुन्हा फिरवायची, मी छडी टेबलावर आपटायचो, आणि मग ती मुकी व्हायची. खोडसाळपणा आणि मंदपणा दोन्ही एकाच ठिकाणी, असे माझे मत होते. आणि ही मंद मुलगी त्या गल्लीत सगळ्यांच्या पुढे, न अडखळता वाचत चालली होती. फरक एवढाच, की बाकीची मुले ताण्याच्या अल्याड होती आणि ती एकटी पल्याड. पट्ट्यांवरची अक्षरे तिच्या बाजूने उलटी होती.

बाई तिथल्या तिथे मल्लय्याच्या घरात शिरल्या, मीही मागोमाग. खोली एक, तिचा मोठा भाग मागाने व्यापलेला. उजेड फक्त दारातून. दाराशी राजव्वाचा मोठा भाऊ पुस्तक जमिनीवर ठेवून वाचायला बसे, आणि त्याच्या समोर राजव्वा रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायची. तीन वर्षे समोर बसून, हात रहाटावर आणि डोळे भावाच्या पुस्तकावर ठेवून, ती आपली आपण वाचायला शिकली होती. कुणी शिकवले नव्हते. शिकली ती ज्या बाजूला बसली होती त्या बाजूने. मल्लय्याला आम्ही विचारले तर तो ओशाळून म्हणाला, "पोरीची चूक न्हाई मास्तर. जागाच येवढी हाय."

माझी चूक मी लगेच कबूल केली, असे लिहायला मला आवडले असते. पण मी म्हणालो, आता हे वळण मोडले पाहिजे, उद्यापासून पुस्तक सरळ, मार खाऊन का होईना. बाईंनी मला दाराबाहेर नेले. खिशातून माझे पहिलीचे पुस्तक काढायला लावले. ते उलटे करून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, वाचा. गल्लीतली पाच-सहा मुले जमली. मी पहिल्याच ओळीत तीनदा अडखळलो. दुसरी ओळ सोडूनच दिली.

"आता तुमच्या नावाम्होरं काय लिवू?" बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून बाईंनी एक नवीनच सुरू केले. राजव्वाला सरळ वाचायला शिकवायचे, तर तिला काय जड पडते ते आधी आपल्याला कळले पाहिजे, म्हणून त्या रोज तिच्या शेजारी बसून तिच्यासारखेच उलटे पुस्तक वाचू लागल्या. सुरुवातीला पोर पुढे आणि बाई मागे. राजव्वा त्यांच्या चुका काढायची आणि खुदुखुदु हसायची. माझ्या वर्गात ती कधी हसल्याचे मला आठवत नाही. मग हळूहळू पुस्तक थोडे तिरपे, आठवड्याने आणखी थोडे, जमिनीवर पट्टी ठेवून तिच्याभोवती चालत वाचणे… घाई नाही, छडी नाही. याच काळात त्यांनी दुपारी दोन तास मल्लय्याच्या दारापुढे मुलींचा वर्ग सुरू केला. कांड्या भरायच्या म्हणून ज्या मुली शाळेत येऊच शकत नव्हत्या, त्या आपापले रहाट घेऊन यायच्या आणि काम करता करता वाचायच्या. राजव्वा धरून वीसेक मुली होत्या. या वर्गाला मंजुरी हवी होती. ती मिळाली तर तो शाळेचा वर्ग म्हणून चालणार, नाहीतर बंद. आणि मंजुरी मिळणार की नाही हे शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या तपासणीवर होते. बाईंनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेले मी पाहिले नाही, पण त्या मंजुरीसाठी त्या तीनदा अर्ज घेऊन चालत कचेरीत गेल्या होत्या.

दिपोटीसाहेब आले. टेबल गल्लीतच मांडले होते. माणूस वाईट नव्हता, हे सांगितले पाहिजे. पण त्याला जेवायला जायचे होते आणि गल्लीत खळीचा वास येत होता. चार मुलींनी बरे वाचले. मग राजव्वाची पाळी आली. एव्हाना ती सरळ पुस्तक बऱ्यापैकी वाचायला लागली होती, पण कोट-टोपीतला परका माणूस समोर बघून घाबरली, आणि हात आपसूक जुन्या वळणावर गेले. तिने पुस्तक घेतले, उलटे फिरवले, आणि पान घडाघडा वाचून काढले. साहेब हसले. म्हणाले, हे पाठांतर आहे, वाचन नव्हे, पोरीला पुस्तक धरायचीसुद्धा अक्कल नाही. बाई म्हणाल्या, तुमच्या हातातले वर्तमानपत्र द्या, ते तर तिने पाहिलेले नाही. साहेबांनी वर्तमानपत्र दिले नाही. त्याऐवजी ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुम्ही ट्रेन्ड आहात. या मुलीला वाचता येतं का?"

मला माहीत होते. तिला वाचता येते हे त्या गल्लीत बाईंच्या खालोखाल मलाच माहीत होते. राजव्वा माझ्याकडे बघत होती. मला माझी नोकरी दिसली, काष्टीतले वडील दिसले, आणि मी म्हणालो, "नियमाप्रमाणे… नाही, साहेब."

साहेबांनी शेरेबुक पुढे ओढले आणि लिहिले. वर्ग चालू ठेवण्यायोग्य नाही, तो बंद करावा, यापुढे सर्व मुलांना एकाच पुस्तकातून एकाच पानावर शिकवावे. खाली 'वाचले, मान्य' असे लिहून शिक्षकाने सही करायची, असा रिवाज. साहेब शेरेबुक बाईंकडे फिरवू लागले, तेवढ्यात बाईंनी त्याच्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. फिरवू नका."

आणि टेबलाच्या आपल्या बाजूला उभ्या राहून, साहेबांचा तो शेरा, त्यांच्या घाईच्या अक्षरातला, उलट्या बाजूने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. एकही अक्षर चुकले नाही. गल्लीतले रहाट थांबले. मल्लय्या माग सोडून दारात आला. वाचून झाल्यावर बाईंनी टाक उचलला आणि बुक तसेच ठेवून, आपल्या बाजूने, खाली लिहिले : 'वाचले. मान्य नाही.' सही केली. मग साहेबांना म्हणाल्या, "हे बी पाठांतरच समजा."

पुढे जे व्हायचे ते झाले. बाईंकडून खुलासा मागवला गेला. तो त्यांनी सुताच्या गठ्ठ्याच्या कागदावर लिहून पाठवला, कारण दुसरा कागद मिळत नाही, असे वर नमूद करून. त्यांचा वर्ग काढून त्यांना बिगारीची, म्हणजे पहिलीच्याही आधीची, मुले दिली. गल्लीतला वर्ग बंद झाला, म्हणजे शाळेच्या दप्तरात बंद झाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तशी बाईंनी भाकरीचे फडके उचलले आणि त्या गल्लीकडे निघाल्या. हेडमास्तर फाटकात आडवे आले, शेऱ्याची आठवण करून दिली. बाई म्हणाल्या, "शाळा तुमची. मधली सुट्टी माझी हाय." त्या सुट्टीत त्यांनी पुढे सहा वर्षे तो वर्ग चालवला. बेचाळीस साली गावात हरताळ असायचे तेव्हाही, सूत मिळेनासे झाले आणि निम्मे माग बंद पडले तेव्हाही. भाकरी त्या चालता चालता खात. मला त्या एकदाही टाकून बोलल्या नाहीत. 'मास्तर' म्हणत, मूल अडले की माझे मत विचारत. मला ते टाकून बोलण्यापेक्षा जड जाई. मी एक-दोनदा विषय काढायला गेलो, पण त्या लगेच कुठल्यातरी मुलाचे काढायच्या.

वर्षा-दीड वर्षाने माझी बदली काष्टीला झाली. तिथे मी जे केले ते पूर्ण बाईंचे चोरलेले. मेंढरामागे फिरणाऱ्या मुलांना सकाळी चारायला जाताना पट्टी द्यायची आणि येताना ऐकून घ्यायची, बाजारच्या दिवशी बाजारातच वर्ग भरवायचा, प्रत्येकाला एक पान अशी वही ठेवायची. साहेबलोकांनी माझे कौतुक केले. कल्पक शिक्षक, असा शेरा मिळाला. कुणाची कल्पना, हे मी कुणाला सांगितले नाही. हे आज पहिल्यांदा सांगतो आहे, आणि ज्यांनी तो शेरा दिला त्यांनी हवा तर परत घ्यावा.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. बाईंच्या छातीचे दुखणे वाढले होते, हात इतके कापत की पेलाही धरवत नसे. खोलीत शिरलो तर बाई उशांना टेकून बसलेल्या आणि त्यांच्यासमोर स्टुलावर राजव्वा. आता सतरा वर्षांची, गल्लीतल्या मुलींचा वर्ग तीच घेते. तिने बाईंचे शास्त्र, म्हणजे बायबल, दोन्ही हातांत उघडे धरले होते. पान बाईंच्या बाजूला सरळ, म्हणजे बाईंना अक्षरे दिसावीत, आणि स्वतः पलीकडून, उलट्या बाजूने ती स्तोत्र वाचत होती. बाईंचे ओठ बरोबरीने हलत होते. दोघी एकाच पानावर, दोन बाजूंनी. मी दारातच उभा राहिलो. दिपोटीसाहेबांना, ट्रेनिंग कॉलेजला, आणि मला स्वतःला तिथे आणून उभे करावे असे वाटले.

राजव्वा चहा टाकायला उठली तेव्हा मी अखेर बोललो. म्हणालो, बाई, त्या दिवशी मी खोटे बोललो. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटले, ऐकले नाही.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. थोडा दम घेतला. "शेरेबुक अजून हाय शाळेच्या कपाटात. सहीखाली जागा सोडलीया मी. तुमच्यासाठी."

"आता लिहून काय उपयोग, बाई?"

"मला न्हाई. पोरीच्या नावाम्होरं तुमचं 'मंद' हाय अजून."

मी हो म्हणालो, आणि नेहमीप्रमाणे पुढे ढकलले. शाळा होती, तपासणी होती, परत येऊ तेव्हा बघू. मग ते कार्ड आले.

शोकसभेत मी उठलो नाही, हे वर सांगितलेच. पण सभा संपून माणसे पांगल्यावर मी ऑफिसात गेलो आणि नव्या हेडमास्तरांकडे त्या वर्षाचे शेरेबुक मागितले. तरुण माणूस आहे, सभेत तिसरे भाषण त्याचेच. त्याने कपाट उघडले, धूळ झटकली, पान सापडले. शेऱ्याखाली ती सही बघून तो गोंधळला, म्हणाला, ही उलटी कशी काय? मी म्हणालो, उलटी नाही, तुम्ही चुकीच्या बाजूला बसला आहात. मी टेबलाला वळसा घालून बाई उभ्या होत्या त्या बाजूला गेलो. तिथून त्यांचे अक्षर सरळ होते. 'वाचले. मान्य नाही.' आणि त्याच्याखाली खरोखरच दोन बोटे जागा, आठ वर्षे कोरी.

मी टाक मागितला. तो म्हणाला, मास्तर, हे सरकारी दप्तर आहे, यात आता काही लिहिता येत नाही, वरून विचारणा होईल. होऊ द्या, म्हणालो. खुलाशाला मी माझ्यापुरता सुताचा कागद आणून ठेवला आहे. आणि बाईंच्या सहीखाली, त्यांच्याच बाजूने, मी लिहिले : 'मुलीला वाचता येत होते. मी खोटे बोललो.' खाली नाव घातले, पूर्ण, ट्रेन्ड या शब्दासकट.

शाई वाळेपर्यंत सभेला आलेली राजव्वा दारात येऊन उभी राहिली होती. तिने पुढे येऊन, टेबलाच्या समोरच्या बाजूने, उलटेच ते वाचले.